तायडेबाईंची सतरंजी

तायडेबाईंना खुर्चीवर बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. ते कधी, हे शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, त्यात काय, खुर्चीवर कोणीही बसतो. बसतो खरा. माझं तर त्या काळी खुर्चीवाचून पान हलत नसे, आणि बाईंची नि माझी पहिली ठिणगी पडली तीही खुर्चीवरूनच.

गुरुवारी दुपारचे तीन वाजले की आमच्या विभागातल्या खुर्च्या चालायला लागत. म्हणजे बाई त्या चालवत. दोन हातांत दोन आणि वेळ पडली तर तिसरी डोक्यावर, असा त्यांचा मोर्चा निघे. सगळ्यात आधी डॉक्टरांची हातांची खुर्ची जाई, मग बाकीच्या. व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून त्या उभ्या राहत, गुरुजींनी शिक्षा केल्यासारख्या. आत लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी पसरली जाई. तिचा एक कोपरा उंदरांनी खाल्लेला होता. तो बाई मुद्दाम डॉक्टरांच्या वाट्याला देत. का, असं विचारलं तर म्हणत, "डॉक्टर मोठे हायेत. त्यायले चालते."

मी पुण्याहून मानसशास्त्राची पदवी घेऊन अकोल्याला आलो तो नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी. एका धर्मादाय दवाखान्याने मनोविकारांसाठी वेगळा विभाग काढला होता. 'विभाग' हा शब्द जाहिरातीतला. प्रत्यक्षात ते बंद पडलेल्या जिनाचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीचं, गोदाम होतं. मधे पडदी घालून बायकांच्या आणि पुरुषांच्या खाटा, एका टोकाला औषधांची खोली, दुसऱ्या टोकाला माझी. भिंतीपलीकडे दुसरा जिन जोरात चालू होता. कापसाचे तंतू उडत येऊन आमच्या चहात पडत, आणि सरकीचा वास कपड्यांना असा बसला होता की पुण्याला गेल्यावर आईने पहिल्यांदा विचारलं, "तू तिकडे नक्की नोकरीच करतोस ना?"

तायडेबाई या विभागाच्या मुख्य परिचारिका. उंच, काटक, पन्नाशीच्या अलीकडच्या. पांढरं लुगडं कडक इस्त्रीचं आणि पायांत पुरुषी वहाणा. सगळा दवाखाना त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. पुण्याच्या कानांना वऱ्हाडी बोलणं अंगावर आल्यासारखं वाटतं हे मी ऐकून होतो. बाईंचं ऐकलं आणि ते कमीच सांगितलं होतं असं वाटलं. पहिल्याच दिवशी मी माझी चाचण्यांची पेटी उघडून टेबलावर मांडत होतो. लाकडी ठोकळे, चित्रं, शाईच्या डागांचे तक्ते. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"हे काय होय?"

"शाईचे डाग. यात रोग्याला काय दिसतं त्यावरून त्याच्या मनाचा अंदाज येतो."

बाईंनी एक तक्ता उलटा धरला, मग सुलटा धरला. "येवढी शाई सांडली त पुसाची होती. जपून काहून ठेवली?"

मी तक्ता त्यांच्या हातातून घेऊन परत पेटीत ठेवला.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. कोणी म्हणालं की अमका रोगी हिंसक आहे, की बाई विचारत, "कोनं पाह्यलं? कवा?" आणि कोणी पुस्तकी शब्दांत शिरू लागला की म्हणत, "पोथीतलं नोका सांगू. पाह्यलेलं सांगा." हे त्या डॉक्टरांनाही म्हणत. आमचे डॉक्टर सरनाईक विलायतेहून शिकून आलेले, स्वभावाने गरीब. 'पाह्यलेलं सांगा' ऐकलं की ते चश्मा काढून पुसायला लागत आणि खरोखरच आठवू लागत.

गुरुवारच्या बैठकीचा नियम असा, की सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस सर्वांत आधी बोलणार. म्हणजे आधी आया पार्वताबाई, मग कंपाउंडर हमीदभाई, मग गावोगाव जाऊन रोग्यांच्या घरची चौकशी करणारे समाजसेवक गुल्हाने, मग मी आणि शेवटी डॉक्टर. दाराजवळच्या कोपऱ्यात रोग्याच्या घरच्या माणसाची जागा. तिथे बाई स्वतःच्या हाताने एक घोंगडी घडी करून टाकत. त्या माणसाला बाईंचा पहिला प्रश्न नेहमी एकच असे: "आजारी पडाच्या पयले त्याले काय आवडे?"

रोग कधी सुरू झाला, घराण्यात कोणाला होता का, हे सगळं मागाहून. आधी आवड. कोणी सांगे, त्याले भजन आवडे. कोणी सांगे, तिले पाटोडीचा रस्सा. एकाने सांगितलं होतं, त्याले भांडनं आवडे. बाईंनी तेही गंभीरपणे ऐकून घेतलं होतं. स्वतः बाई मात्र सतरंजीवर कधी बसत नसत. चौकटीला टेकून उभ्या राहत. "बसली का झोप येते मले," म्हणत.

हे सगळं तेव्हा मला ऐकूनच माहीत होतं, कारण पहिले चार महिने मी त्या बैठकीला गेलोच नाही. खरं कारण सांगतो. माझ्या पँटला इस्त्रीची धार असे आणि जमिनीवर मांडी घातली की ती मोडे. शिवाय एम.ए. झालेल्या माणसाने आयेनंतर आणि कंपाउंडरनंतर बोलायचं, हे मला पटत नव्हतं. डॉक्टरांना मी म्हणालो, शास्त्रीय काम लेखीच असलेलं बरं. डॉक्टर भिडस्त, त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून दर गुरुवारी मी माझा अहवाल टंकलेखन करून, पाकिटात घालून, पाकीट चिकटवून आत पाठवी. बाई त्याला 'आपटेसायबाचं लग्नाचं आवतन' म्हणत. मी आपला खुर्चीवर बसून पाय हलवत पुण्याची वर्तमानपत्रं वाचे.

बाईंबद्दल गावात आणखी एक गंमत प्रसिद्ध होती, ती म्हणजे त्यांची सायकल. दवाखान्यामागच्या चाळीत त्या एकट्या राहत. दाराशी एक पुरुषी सायकल उभी असे, मधल्या दांडीची, मागे भलं मोठं कॅरिअर. बाईंना सायकल येत नव्हती. तरी दर रविवारी सकाळी फडकं आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन त्या ती पुसत बसत. हमीदभाईंनी एकदा विचारलं, "बाई, बेच डालो ना. किसके काम की?" तर बाई म्हणाल्या, "खात थोडीच हाये." महिन्यातल्या पहिल्या रविवारी मात्र सायकल तशीच राही. त्या दिवशी बाई डबा घेऊन आगगाडीने बहिणीकडे जात. बहीण कुठे असते हे कोणी विचारलं नव्हतं. बाईंना प्रश्न विचारायची पद्धत नव्हती, प्रश्न बाईच विचारत.

तर अशात देवकाबाईंची केस आली.

तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातून नामदेव नावाच्या शेतकऱ्याने आपल्या बहिणीला आणलं होतं. वय तिशीचं. बोलणं संपूर्ण बंद. दिवसभर भिंतीकडे बघत बसे आणि दुपारी एकदम उठून दाराकडे धावे, धरलं की ताट भिरकावी, ओरडे, चावे. भाऊ सांगत होता की लहानपणापासून अशीच आहे. त्याचं म्हणणं एकच, दूरच्या मोठ्या दवाखान्यात कायमची भरती करून टाका. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागे, आणि दाखल्याला माझ्या चाचणीचा आधार. एकदा तिकडे कायमचा म्हणून गेलेला रोगी घरी परतल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. शनिवारी कागद जायचे होते.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी देवकाबाईंना चाचणीला बसवलं. त्यांची मान सारखी खाली पडत होती. ठोकळे दिले, ते हातातून गळले. चित्रं दाखवली, त्या चित्रांवरून नजर न हलवता बसून राहिल्या. एकच चित्र, आई मुलाला भरवते असं, ते त्यांनी तळहाताने झाकून टाकलं. मी लिहिलं, 'चित्र ओळखता आलं नाही.' दहा वाजता चाचणी संपली, साडेदहाला अहवाल तयार. शेवटची ओळ मला अजून पाठ आहे: 'मतिमंद. सुधारणेची शक्यता नाही.' पूर्णविरामसुद्धा चुकला नव्हता. पाकीट चिकटवून मी पाठवून दिलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी माझं दार उघडलं. बाई. हातात माझं पाकीट, फाडलेलं.

"हे तुमी लिवलं?"

"हो."

"तिले कवा पाह्यलं?"

"सकाळी. नऊ ते दहा."

"अन् आठ वाजता तिले काय देल्लं होतं?"

"ते मला कसं माहीत असणार? ते औषधाचं काम. माझ्याकडे नाही."

"तुमी इचारलं?"

"मी... कोणाला विचारणार?"

"झालं मंग," बाई म्हणाल्या. "उठा बरं."

मला वाटलं, नवा कागद लिहायचा असेल. मी उठलो. बाईंनी माझी खुर्ची उचलली, डोक्यावर घेतली आणि चालू लागल्या. माझ्या कोटाची बाही खुर्चीच्या पाठीत अडकली होती, त्यामुळे मीही चालू लागलो. व्हरांड्यातून अशी आमची वरात निघाली, पुढे बाई, त्यांच्या डोक्यावर खुर्ची आणि खुर्चीला लोंबकळत मी. पुरुषांच्या बाजूच्या एका रोग्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या. दाराशी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली गेली आणि मी आत ढकलला गेलो.

"सायेबाले जागा द्या," बाई म्हणाल्या. "पाय दुखन त दुखू द्या."

मी बसलो. पँटची धार मोडली. समोर कोपऱ्यात घोंगडीवर नामदेव बसला होता, टोपी हातात चुरगाळत.

पार्वताबाई आधी बोलल्या. "मी सांगतो. बाई पागल नाई. कालच्याले तांदूळ निवडाले देल्ले, त एक खडा नाई ठेवला तिनं. दिवसभर गाय हाये बिचारी. फकस्त बाराचा भोंगा झाला का उठते. मंग आमी चौघीजनी धरतो, मंग ताट फेकते." वऱ्हाडातल्या बायका स्वतःविषयी 'मी सांगतो, मी जातो' असं बोलतात याची मला एरवी फार गंमत वाटे. त्या दिवशी वाटली नाही.

हमीदभाईंनी घसा खाकरला. "साहब, पर्चीमध्ये लिवलं होतं, चिल्लाई तो दो. काल दोपहर को चिल्लाई, एक डोस दिया. आज सकाळी आठला जरा आवाज केला, फिर दिया. डबल. मेरे को क्या मालूम तुमचा इम्तिहान हाये?"

मी म्हणालो, "मला सांगायचं ना!"

"आपने पूछा?" हमीदभाई अगदी नम्रपणे म्हणाले.

डॉक्टरांनी चश्मा काढला. झोपेच्या औषधाच्या दुप्पट डोसावर बसवून मी त्या बाईची बुद्धी मोजली होती. हा डोस घेऊन मीच बसलो असतो तर पहिलीच्या परीक्षेतही नापास झालो असतो. माझे कान गरम झाले. पाय तर केव्हाच मुंग्या येऊन बधिर झाले होते, पण हलवायची हिंमत झाली नाही.

मग गुल्हाने बोलले. ते त्याच सकाळच्या एस.टी.ने तेल्हाऱ्याहून आले होते, भुवयांवर अजून धूळ होती. "गावातल्या बाया म्हनते, देवकाबाई चौथी शिकेल हाये. सगळ्या बायांच्या चिठ्ठ्या तीच लिहून देये. लग्न अकोटले झालं. नवरा गेला, मंग जिनात कामाले जाये. दोन वर्साआधी पोरगं गेलं तापानं. तवापासून असं हाये. लहानपनापासून नाई."

सगळ्यांनी नामदेवाकडे पाहिलं. तो टोपीत तोंड घालून बसला. मी मनात म्हटलं, आता बाई त्याला सोलून काढणार. बाई चौकटीवरून पुढे आल्या, त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, मले येक सांग. आजारी पडाच्या पयले तिले काय आवडे?"

नामदेवाने टोपी तोंडावरून काढली. मग रडायलाच लागला. "लिवाले आवडे बाई. कागद दिसला का लिवे. मी खोटं बोललो. येकानं सांगतलं होतं, जनमापासून हाये म्हन, मंग मोठ्या दवाखान्यात लवकर घेते. घरी कोन पाहीन तिले? आमी दोघं वावरात जातो."

"अन् जिनात असताना पोरगं कोनापाशी राहे?"

"शेजारनीपाशी. बाराचा भोंगा झाला का देवका धावत घरी जाये, पोराले पाजाले. अर्ध्या तासात वापस. त्या दिशी गेली तवा..." त्याने टोपी पुन्हा तोंडावर धरली.

 भिंतीपलीकडच्या जिनाचा घरघराट चालू होता. तसाच जिन, तसाच बाराचा भोंगा. आम्ही सगळे रोज तो ऐकून घड्याळ लावत होतो. पार्वताबाईंना धावणं ठाऊक होतं, गुल्हान्यांना जिन ठाऊक होता, हमीदभाईंना डोस ठाऊक होता, भावाला मूल ठाऊक होतं. आणि मला ते झाकलेलं चित्र ठाऊक होतं.

"आपटे," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही काय पाहिलंत?"

मी चित्राचं सांगितलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. 'ओळखता आलं नाही' असं मी लिहिलं होतं. तिच्याइतकं ते चित्र त्या गोदामात दुसऱ्या कोणी ओळखलं नव्हतं.

शनिवारी कागद गेले नाहीत. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी बाराच्या ठोक्याला भोंगा वाजला, देवकाबाई उठल्या, दाराकडे धावल्या, आणि दार उघडं होतं. दारात बाई पायांत वहाणा घालून तयार. "चाल," म्हणाल्या. दोघी गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. तिथे एक कडुनिंब होता. त्याच्याखाली देवकाबाई इकडेतिकडे बघत उभ्या राहिल्या आणि परत आल्या. ताट फेकलं गेलं नाही. डॉक्टरांनी डोस अर्धा करून संध्याकाळवर नेला, आणि हमीदभाई माझ्या दाराशी येऊन रोज सकाळी सांगू लागले, "साहब, आज किसको क्या दिया, सुन लो." मीही ऐकू लागलो.

दोन आठवडे दोघी रोज बाराला कडुनिंबापर्यंत जात होत्या. पंधराव्या की सोळाव्या दिवशी देवकाबाई झाडाखाली उभ्या राहून म्हणाल्या, "इथी माहं घर नाई." दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. बाईंनी खोटा धीर दिला नाही, 'विसर' असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "नाई बाई. घर नाई. पन सावली हाये. बस थोडी." दोघी जमिनीवर बसल्या. हे मला पार्वताबाईंनी सांगितलं. त्या मागोमाग गेल्या होत्या, पाहिलेलं सांगता यावं म्हणून.

महिन्याने मी पुन्हा चाचणी घेतली. डोस काय, कधी, जेवण झालंय का, सगळं विचारून. ठोकळे त्यांनी भराभर लावले आणि म्हणाल्या, "झालं? हे पोरायचं खेळनं होय ना?" शाईच्या डागात त्यांना सांडलेलं तेल दिसलं. मी जुना अहवाल फाडायला घेतला तर डॉक्टरांनी हात धरला. म्हणाले, दोन्ही एकत्र लावा. ते दोन कागद पुढे नोकरीभर माझ्या टेबलाच्या खणात होते.

चार महिन्यांनी देवकाबाई घरी गेल्या. जाताना नामदेवाला बाईंनी सांगितलं, बाराला तिच्यासंगं कोणीतरी वावराच्या बांधापर्यंत चालत जात जा, अन् घरात कोरे कागद ठेव. मी आता दर गुरुवारी सतरंजीवर असे, माझ्या क्रमाने, गुल्हान्यांच्या मागून. पँट ढगळ शिवून घेतली होती. एकदा मी बाईंना विचारलं की ही सतरंजीची कल्पना तुम्हाला कुठून सुचली. बाई हसल्या. "मी चौथीपर्यंत शाळा शिकली ते दाराभाईर बसून. आत बसू देत नसत ना आमाले. मास्तर आत बोले, मले अर्धंच आयकू ये. म्हनून माहा भूगोल आजबी अर्धाच हाये, गंगा कुठून निंगते ते माहीत हाये, कुठी जाते ते नाई. तवाच ठरवलं. येका खोलीत बोलाचं त सगळ्यायनं आत बसाचं." छप्पन्न साली घरच्यांबरोबर त्या बौद्ध झाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा घरातली सगळी माणसं एका ओळीत बसलेली पाहिली, असं म्हणाल्या. हे सगळं त्यांनी बँडेजच्या पट्ट्या गुंडाळत सांगितलं, कोणाचं तरी दुसऱ्याचं सांगावं तसं.

पुढच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी देवकाबाईंचं कार्ड आलं. अक्षर सुरेख, ओळी सरळ. 'मी बरी आहे. गावातल्या बायांच्या चिठ्ठ्या लिहिते. भोंगा नाही इथं, पण बाराला मला समजतेच. मग वहिनी अन् मी बांधावर जातो. बाईला नमस्कार. ठोकळेवाल्या साहेबालाही.' बाईंनी कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं. हमीदभाईंनी दोनदा वाचायला लावलं. मग आम्ही आपापल्या जागा धरल्या. पार्वताबाई म्हणाल्या, "आज कोन?"

कोपऱ्यात घोंगडी टाकलेली होती, पण तिच्यावर कोणी नव्हतं. डॉक्टर कागद शोधू लागले.

"कागद नाई," बाई म्हणाल्या. त्या अजून चौकटीला टेकून होत्या. मग त्यांनी वहाणा काढल्या, आत आल्या आणि त्या घोंगडीवर बसल्या. ताठ, हात मांडीवर, नामदेव बसला होता तशाच. "आज मी सिस्टर नाई," म्हणाल्या. "माहं मानूस हाये. तिकडं, मोठ्या दवाखान्यात. आठ वर्सं झाली."

महिन्याच्या पहिल्या रविवारची 'बहीण' म्हणजे बाईंचे यजमान, हे आम्हाला त्या क्षणी समजलं.

"तिथले लोक वाईट नाईत," बाई सांगत होत्या. "लय रोगी हायेत त्यायच्याकडं. डबा देतो, येतो. कोनं मले काई इचारलं नाई अन् मीबी सांगतलं नाई. तुमालेबी नाई सांगतलं. वाटलं, सिस्टरच्याच घरात हाये म्हनतील."  दुसऱ्यांना 'पाह्यलेलं सांगा' म्हणून दरडावणारी ही बाई आठ वर्षं स्वतः दाराबाहेर बसली होती, आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू.

पहिलं कोणी बोलायचं, कळेना. क्रमाने पार्वताबाईंची पाळी, पण त्या पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. हमीदभाई छताकडे बघत होते. मग मीच तोंड उघडलं. क्रम मोडून, आणि माझ्या पुणेरी तोंडाला कधी न जमलेल्या बोलीत.

"बाई, आजारी पडाच्या पयले त्यायले काय आवडे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांनी शेकडो माणसांना विचारला असेल. त्यांना तो कोणी विचारला नव्हता.  मग म्हणाल्या:

"सायकल पुसाले. पोस्टमन होता ना. चालवाले नाई येवढी आवडे. पुसाले आवडे."

सायकल विकून टाका म्हणणाऱ्या हमीदभाईंनी मान खाली घातली.

त्या दिवशी बैठक सहापर्यंत चालली. डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांना पत्र लिहिलं, तिथूनही चांगलं उत्तर आलं. पुढच्या पहिल्या रविवारी बाईंबरोबर गुल्हाने आणि मी गेलो. आणखी दोन पत्रं, तीन फेऱ्या झाल्या. नवीन गोळ्या आल्या होत्या, त्या तिकडे बाईंच्या यजमानांना लागू पडत होत्या. दिवाळी उलटल्यावर तायडे आमच्या विभागात आले. शिडशिडीत, पांढऱ्या केसांचे, फार न बोलणारे गृहस्थ. पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. कधीकधी कोणाशी तरी पुटपुटत. पण आता ते काय पुटपुटतात हे विचारणारी पाच माणसं एका सतरंजीवर होती.

ते आल्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या गुरुवारची गोष्ट. बैठक संपवून मी बाहेर आलो आणि थबकलो. व्हरांड्यासमोर आमच्या सायकली ओळीने उभ्या होत्या, डॉक्टरांची, गुल्हान्यांची, हमीदभाईंची, माझी, आणि शेवटी ती मोठ्या कॅरिअरची. माझ्या सायकलीला विकत घेतल्यापासून पाणी लागलं नव्हतं. आता तिची एकेक तार उन्हात चमकत होती. तायडे जमिनीवर बसून फडक्याने मडगार्ड पुसत होते, बोटाने चाक फिरवून बघत होते, पुन्हा पुसत होते.

आणि व्हरांड्यात, शिक्षा झालेल्या खुर्च्यांतली एक सरळ फिरवून, तिच्यावर तायडेबाई बसल्या होत्या. डॉक्टरांच्या हातांच्या खुर्चीवर. पाय लांब सोडून, वहाणा काढून, आपले दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. त्यांना झोप वगैरे काही आलेली नव्हती.

मी म्हणालो, "बाई, त्यांना सांगा, माझी सायकल एवढी..."

"श्श," बाई म्हणाल्या, नजर न हलवता. "काम करून राह्यले ते."